बेदाण्याच्या शेडातला छोटा संगणक: पहिला सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर कसा घ्यावा आणि कामाला कसा लावावा

पहिला बोर्ड मागवण्याआधी एक कागद घ्या. घरातला किंवा शेतातला असा एक प्रश्न त्यावर लिहा, ज्याचं उत्तर आकड्यात येतं आणि ज्यासाठी कुणाला तरी रात्रभर जागावं लागेल. कोंबड्यांच्या शेडात पहाटे थंडी किती पडते? हळदीच्या गोदामात दुपारी किती तापतं? असा प्रश्न सुचत नसेल तर बोर्ड घ्यायची घाई करू नका. ओळखीच्या कितीतरी घरांत मी ड्रॉवरमध्ये पडलेले बोर्ड पाहिले आहेत. आणला, एक दिवा लुकलुकवला, चार दिवस कौतुक झालं आणि पुढे काय करायचं ते सुचलं नाही.

माझा प्रश्न मामांनी दिला. तासगाव तालुक्यात त्यांचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात आणि सावलीत साधारण दोन-अडीच आठवडे वाळवतात. हवा दमट राहिली की वाळायला वेळ लागतो आणि रंग काळपट पडतो, मग सौद्यात भाव उतरतो. मामा म्हणाले, “अगं, दिवसाचं ऊन दिसतंय मला. रात्री दोन-तीनला शेडात काय हुतंय ते कळत न्हाई. ते सांगंल का तुझं यंत्र?”

तेवढ्या एका प्रश्नावर मी हे सगळं शिकले. मी कुपवाडच्या एमआयडीसीत हिशेबाचं काम करते, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे इंजिनिअरिंगची पदवी नसली तरी पुढचं सगळं जमतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

बोर्ड कुठला घ्यायचा

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मेमरी, यूएसबी, टीव्हीला जोडायचं सॉकेट हे सगळं एकाच छोट्या पाटीवर असलेला पूर्ण संगणक. हार्ड डिस्कच्या जागी मायक्रोएसडी कार्ड असतं. शिवाय एका कडेला उघड्या पिनांची रांग असते, तिला सेन्सर, दिवे, बटणं जोडता येतात. घरच्या लॅपटॉपला अशा पिना नसतात, म्हणून तर हा बोर्ड घ्यायचा.

या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडमधल्या केंब्रिजला एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलांच्या हातात स्वस्त, मनसोक्त प्रयोग करता येईल असा संगणक द्यायचा होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला बोर्ड विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. पुढे २०१५ मध्ये ५ डॉलरचा ‘झीरो’ आला, २०१९ मध्ये ‘४’, २०२१ मध्ये ‘झीरो २ डब्ल्यू’ आणि २०२३ मध्ये ‘५’. आपल्याकडे हातात पडेपर्यंत किंमत बरीच वाढते आणि ती सारखी हलतही असते, त्यामुळे मागवण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव बघा. ऑरेंज पाय, बनाना पाय, बीगलबोन असे इतरही बोर्ड आहेत आणि काही तर कागदावर जास्त ताकदीचे दिसतात. तरी नवख्याने रास्पबेरी पायच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे: अडलात की तुमचीच अडचण आधी कुणाला तरी आलेली असते आणि तिचं उत्तर सापडतं. बोलताना सगळे नुसतं ‘पाय’ म्हणतात. मराठीत लिहिताना त्याने घोटाळा होतो, म्हणून मी ‘बोर्ड’ म्हणते.

आर्डुइनो, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको हे दिसायला असेच असले तरी त्यांची जात वेगळी. ते मायक्रोकंट्रोलर आहेत. त्यांत ऑपरेटिंग सिस्टिम नसते, तुम्ही भरलेला एकच प्रोग्राम वीज आली की सुरू होतो आणि वीज गेली की थांबतो. वीज खातात अगदी थोडी आणि मिळतातही स्वस्त. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘वेगा’ प्रोसेसरवर बनवलेले ‘एरीज’ बोर्ड याच जातीतले. मामांच्या शेडातलं काम पिकोनेही झालं असतं, हे मी मोकळेपणाने सांगते. तरीही पहिली सुरुवात पूर्ण संगणकावर करावी, कारण स्क्रीनवर फाइल उघडून बघता येते, चूक कुठे झाली ते दिसतं आणि एकाच वस्तूवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क असं सगळं हाताखालून जातं.

माझा सल्ला असा. शिकायला घरी ‘४’ घ्या, २ जीबी मेमरीचा पुरतो. काम पक्कं जमलं की शेडात टांगायला ‘झीरो २ डब्ल्यू’ घ्या. तो हाताच्या दोन बोटांएवढा असतो आणि ‘४’ वर तयार केलेलं कार्ड काढून त्यात घातलं तर तसंच चालतं. मात्र झीरो घेताना पिना आधीच बसवलेला मागा. नाहीतर चाळीस टाके सोल्डर करावे लागतात आणि पहिल्याच दिवशी ते नको. एकच बोर्ड परवडत असेल तर ‘४’ घ्या आणि तोच शेडात लावा.

सोबत काय लागेल

यात अडॅप्टर आणि कार्ड या दोन वस्तूंवर पैसे वाचवू नका. ‘४’ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचा टाइप-सी अडॅप्टर लागतो, झीरो २ डब्ल्यूला ५ व्होल्ट २.५ अँपियरचा मायक्रो-यूएसबी. घरातला मोबाइलचा चार्जर लावून काम भागेल असं वाटतं आणि बोर्ड सुरूही होतो, पण कामाचा ताण आला की व्होल्टेज पडतं. ते ४.६३ व्होल्टच्या आसपास आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची छोटी खूण दिसते. ती दिसली तर आधी केबल बदलून बघा. पातळ, लांब केबलमध्येच व्होल्टेज पडलेलं असतं आणि आपण उगाच अडॅप्टरवर संशय घेत बसतो.

कार्ड ३२ जीबीचं, नामांकित कंपनीचं, वर ‘ए१’ छापलेलं घ्या. एका दुकानातून मी अर्ध्या किमतीत ६४ जीबीचं कार्ड आणलं होतं. त्यात खरी जागा होती ८ जीबीच्या आसपास, तेवढी भरली की पुढचं सगळं हवेत जात होतं. नवीन कार्ड आणलं की आधी ते पूर्ण भरून आणि परत वाचून तपासा. त्यासाठी विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे. एक-दोन तास लागतात, पण ते लागू द्या.

बाकी सामान किरकोळ. घरातलाच टीव्ही स्क्रीन म्हणून चालतो, मात्र ‘४’ वर मायक्रो-एचडीएमआय सॉकेट असतं, तेव्हा त्याची वेगळी केबल घ्या. यूएसबी कीबोर्ड-माउस, एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी), जंपर वायरची जुडी, काही रेझिस्टर, दोन-चार एलईडी आणि एक साधा मल्टिमीटर. मल्टिमीटर नक्की घ्या.

कार्ड तयार करणं

कुठल्याही लॅपटॉपवर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा अधिकृत प्रोग्राम उतरवून घ्या. तो तीन गोष्टी विचारतो: बोर्ड कुठला, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, कार्ड कुठलं. सिस्टिम ‘रास्पबेरी पाय ओएस’ निवडा, डेस्कटॉप असलेली. कार्ड निवडताना नीट बघा, कारण चुकून घरच्या फोटोंचा पेनड्राइव्ह निवडलात तर तो पुसला जाईल.

लिहायला सुरुवात करण्याआधी सेटिंग्ज भरायच्या असतात. त्यात वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, वेळेसाठी आशिया-कोलकाता हे सगळं भरून टाका. जुन्या व्हिडिओंत ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड टाका असं सांगतात. एप्रिल २०२२ पासून ते आपोआप तयार होणं बंद झालंय, त्यामुळे ते चालत नाही म्हणून घाबरू नका. आपण दिलेलं नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. झीरो २ डब्ल्यूचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तेव्हा राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ वालं देऊ नका.

कार्ड बोर्डात घाला. टीव्ही, कीबोर्ड, माउस जोडा आणि अडॅप्टर सगळ्यात शेवटी. ‘४’ वर दोन एचडीएमआय सॉकेट असतात, त्यातलं वीज-सॉकेटच्या शेजारचं वापरा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड स्वतःच एकदा बंद होऊन परत सुरू होतो. त्या वेळी वायर उपटू नका.

पुढेही हाच नियम: बंद करायचा तो मेन्यूतून शटडाउन करून. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच वीज काढायची.

पिनांशी ओळख

चाळीस पिना दोन रांगांत असतात. एक नंबरची पिन कार्डाच्या बाजूच्या कोपऱ्यात, आतल्या रांगेत असते. बोर्ड उलटा केला तर तिच्याच टाक्याभोवती चौकोन दिसतो, बाकीच्यांचे टाके गोल. तिथून मोजायचं: आतली रांग १, ३, ५ अशी विषम आणि बाहेरची २, ४, ६ अशी सम.

पिन १ आणि १७ वर ३.३ व्होल्ट मिळतात, २ आणि ४ वर ५ व्होल्ट. ६, ९, १४, २०, २५, ३०, ३४, ३९ या ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट. उरलेल्यांपैकी बहुतेक जीपीआयओ, म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या किंवा वाचता येणाऱ्या. गोंधळ इथे होतो की जीपीआयओचा नंबर आणि पिनेचा नंबर वेगवेगळा असतो. जीपीआयओ ४ ही पिन ७ वर आहे आणि जीपीआयओ १७ पिन ११ वर. नकाशा छापून भिंतीला लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. मी एक सेन्सर ५ व्होल्टवर चालवला आणि त्याची सिग्नलची वायर सरळ जीपीआयओला लावली. बोर्ड चालू राहिला, धूर नाही, वास नाही, पण ती पिन तेव्हापासून कायम ‘चालू’च दाखवते. वायर लावताना वीज बंद ठेवायची आणि ५ व्होल्टच्या दोन पिनांवर लाल टेपचा तुकडा चिकटवायचा, ही सवय मला त्या दिवसापासून लागली.

पहिला प्रयोग एलईडीचाच करा, पण तासाभरात उरका. एलईडीचा लांब पाय ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पिन ११ ला, आखूड पाय पिन ९ ला. रेझिस्टरवर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात. मग ‘थॉनी’ उघडा. हा पायथन लिहायचा सोपा संपादक आहे, मेन्यूत नसेल तर सॉफ्टवेअरच्या यादीतून बसवून घ्या. ‘जीपीआयओझीरो’ या लायब्ररीत, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामच्या संचात, एलईडी नावाची वस्तू मिळते, तिला १७ हा नंबर द्यायचा आणि ‘ब्लिंक’ म्हणायचं, की दिवा लुकलुकतो. टाइप करायच्या ओळी मी इथे उतरवत नाही. त्या अधिकृत कागदपत्रांतून जशाच्या तशा घ्याव्यात, एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी अडतं.

तापमानाचा सेन्सर

डीएस१८बी२० नावाचा सेन्सर घ्या, स्टीलच्या टोपणातला, पाणी न शिरणारा. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो आणि आपल्या उपयोगाच्या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो. मला तो आवडतो तो त्याच्या एका गुणामुळे. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच स्वतःचा वेगळा नंबर दिलेला असतो, त्यामुळे तीन-चार सेन्सर एकाच तीन वायरींवर ओवता येतात. रॅकचा वरचा कप्पा, मधला, खालचा, आणि तरीही बोर्डाची एकच पिन लागते.

तीन वायरी असतात. बहुधा लाल म्हणजे वीज, काळी ग्राउंड आणि पिवळी माहितीची, पण रंगांवर भरवसा ठेवू नका, विकणाऱ्याने दिलेला तक्ता बघा. लाल पिन १ ला, काळी पिन ६ ला, पिवळी पिन ७ ला. आणि लाल-पिवळीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पट्टे पिवळा, जांभळा, लाल. हा रेझिस्टर माहितीची वायर ३.३ व्होल्टकडे ओढून धरतो, आणि सेन्सर बोलतो तो तिला खाली खेचून. सेन्सर कितीही असले तरी रेझिस्टर एकच.

आता बोर्ड सुरू करा. सेटिंग्जच्या खिडकीत ‘इंटरफेसेस’ मध्ये ‘वन-वायर’ (या सेन्सरची एका वायरवरून बोलायची पद्धत) चालू करा आणि बोर्ड रीस्टार्ट करा. त्यानंतर सिस्टिमच्या आत, वन-वायर उपकरणांच्या फोल्डरमध्ये, २८ ने सुरू होणाऱ्या नावाचा एक नवा फोल्डर दिसेल. तोच तुमचा सेन्सर. त्यातली ‘टेंपरेचर’ नावाची फाइल उघडली की नुसता एक आकडा दिसतो, समजा २८४३७. हजाराने भागा: २८.४३७ अंश. सेन्सर मुठीत धरा आणि फाइल पुन्हा उघडा. आकडा ३३-३४ हजारांकडे सरकलेला असेल. मी पहिल्यांदा तो आकडा चढताना पाहिला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी आईला उठवून तिच्या मुठीत सेन्सर दिला होता.

फोल्डरच दिसत नसेल तर वायर सैल आहे किंवा वन-वायर चालू झालेलं नाही. ०० ने सुरू होणारे विचित्र फोल्डर येत-जात असतील तर रेझिस्टर विसरलात किंवा तो नीट बसलेला नाही. आकडा बरोबर ८५००० येत असेल तर शेड तापलेलं नसतं. वीज मिळाल्यावर मोजमाप होण्याआधी सेन्सर हाच आकडा सांगतो, म्हणजे त्याची वीज मध्येच तुटते आहे. ८५ चा आकडा नोंदीत घ्यायचाच नाही असं प्रोग्राममध्ये लिहून टाका.

नोंदीचा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा होतो. फाइल वाचायची, हजाराने भागायचं, तारीख, वेळ आणि तीनही आकडे स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहायचे, फाइल लगेच बंद करायची. बरेच जण इथे ‘थांब आणि पुन्हा कर’ असं कायम फिरणारं चक्र लिहितात. तसं करू नका. एकदाच नोंद करून संपणारा प्रोग्राम लिहा आणि लिनक्समधल्या ‘क्रॉन’ ला तो दर दहा मिनिटांनी चालवायला सांगा. एखाद्या वेळी प्रोग्राम अडखळला तर एकच ओळ जाते, दहा मिनिटांनी पुढची येते. दिवसाच्या १४४ ओळी होतात. वीस दिवसांच्या हंगामाची सगळी वही सव्वाशे केबीच्या आसपास, कार्डाला तिचा काहीच भार नाही.

वेळ चुकली तर वही फुकट

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, “आयर्विनला किती झालं?” म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही सगळे आकडा विचारत होतो, आणि लगेच पुढचा प्रश्न असायचा, “कितीचं रीडिंग?” सकाळी सहाचं की आत्ताचं? पाणी किती आहे यापेक्षा तासात किती चढलं यावर सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं ते ठरत होतं. वेळ नसलेल्या आकड्यावर कुणी काही ठरवू शकत नव्हतं.

हे सगळं माहीत असून पहिल्या हंगामात मी नेमकी तिथेच चुकले. शेडातून आणलेली फाइल उघडली तर पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी वरच्या कप्प्यात ४१ अंश. मामा म्हणाले, “पहाटं चारला गोधडी घ्यावी लागतीया आन् तू एकेचाळीस म्हणतीस?” मला वाटलं सेन्सर बिघडला. दोन दिवस मी सेन्सर बदलत बसले. खरं कारण हे होतं की ‘४’ किंवा झीरोमध्ये घड्याळच नसतं. बोर्ड सुरू झाला की वेळ इंटरनेटवरून घेतो. शेडात इंटरनेट नव्हतं, पहाटे चारच्या सुमाराला लाईट गेली ती दुपारी आली, आणि बोर्डाने शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे मोजायला सुरुवात केली. दुपारचं ऊन पहाटेच्या खात्यात जमा झालं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर रक्कम बरोबर, तारीख चुकलेली, म्हणून सगळा ताळेबंद चुकीचा.

यावर उपाय डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल. त्यात नाण्यासारखा सेल असतो, वीज गेली तरी ते चालत राहतं आणि वर्षाला साधारण मिनिटभराच्या वर चुकत नाही. ‘५’ मध्ये घड्याळ आतच असतं, फक्त त्याला वेगळी बॅटरी जोडावी लागते. मॉड्यूल दोन आकारांत मिळतं. छोटं सरळ पहिल्या पाच विषम पिनांवर बसतं आणि सोयीचं वाटतं, पण त्याखाली पिन ७ झाकली जाते, आणि आपला तापमानाचा सेन्सर तर पिन ७ वरच आहे. म्हणून मोठं मॉड्यूल घ्या आणि वायरींनी जोडा: माहितीच्या दोन वायरी पिन ३ आणि ५ ला, ग्राउंड ९ ला, वीज पिन १७ च्या ३.३ व्होल्टवरून. मोठ्या मॉड्यूलवर बहुधा सेल चार्ज करणारं सर्किट असतं. साधा सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो, म्हणूनही त्याला ५ व्होल्टची पिन देऊ नका.

सेटिंग्जमध्ये ‘आय-टू-सी’ (घड्याळाची दोन वायरींवरून बोलायची पद्धत) चालू करा, बोर्डाच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये या घड्याळाची ओळ घाला आणि बोर्ड घरच्या वाय-फायवर असतानाच बरोबर वेळ मॉड्यूलमध्ये लिहून घ्या. मग कसून तपासा. वाय-फाय बंद करा, बोर्ड शटडाउन करून अर्धा तास वीज काढून ठेवा, परत सुरू करा आणि हातातल्या घड्याळाशी वेळ जुळवा. जुळली तरच शेडात न्या.

लाईट जाते तेव्हा कार्डाचं काय होतं

बोर्ड कार्डावर काहीतरी लिहीत असतानाच वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, आणि ती सिस्टिमची फाइल असली तर बोर्ड पुन्हा सुरूच होत नाही. आपल्याकडे शेतीच्या फीडरवर हे आज नाही तर उद्या होणारच. पॉवर बँक मध्ये टाकून बघू असं सगळ्यांनाच सुचतं. मात्र बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग सुरू होताना किंवा थांबताना क्षणभर पुरवठा तोडतात आणि तेवढ्यात बोर्ड रीस्टार्ट होतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, ५ व्होल्टचं आउटपुट असलेला, यापेक्षा बरा.

खरा भरवशाचा उपाय मात्र कार्डावर लिहिणंच बंद करण्याचा आहे. ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’ खाली ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ असा पर्याय आहे. तो चालू केला की कार्ड फक्त वाचलं जातं, जे काही लिहिलं जाईल ते मेमरीत राहतं आणि वीज गेली की पुसलं जातं. मग आपली वही कुठे? ती पेनड्राइव्हवर. झीरोच्या छोट्या सॉकेटला पेनड्राइव्ह जोडायला ओटीजी अडॅप्टर लागतो. सुरू होताना कुठली डिस्क जोडायची ते बोर्डाला सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये पेनड्राइव्हची नोंद त्याच्या लेबलवरून करा आणि त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द जरूर घाला. तो नसेल आणि पेनड्राइव्ह लावायला विसरलात तर बोर्ड वर येतच नाही. हे सगळं ओव्हरले चालू करण्याआधी उरका, कारण नंतर केलेला बदल टिकत नाही.

मी दोन पेनड्राइव्हना एकच लेबल दिलं आहे. एकाला लाल दोरा बांधलाय, दुसऱ्याला पिवळा. कार्डावर काही लिहिलं जात नसल्यामुळे इथे मेन्यूतून शटडाउन करायची गरज उरत नाही: दर रविवारी मामा बटण बंद करतात, लाल काढतात, पिवळा लावतात, बटण चालू. त्यांना संगणकातलं याहून काही माहीत असावं लागत नाही.

शेडात बसवताना

वायरमनकडे मिळतो तो प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स घ्या, खालच्या बाजूला भोकं पाडा आणि ती बारीक जाळीने झाका. बेदाण्याच्या शेडात मुंग्या येतातच. बॉक्स पत्र्याला टेकवू नका, खांबावर छातीच्या उंचीला लावा. बोर्ड स्वतः तापतो, ८० अंशांच्या वर गेला की आपला वेग कमी करतो, आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली त्याला थंड व्हायला वाव राहत नाही. सेन्सर बॉक्सपासून निदान हातभर लांब ठेवा, नाहीतर शेडाऐवजी बोर्डाचंच तापमान लिहिलं जाईल.

२३० व्होल्टच्या कामाला स्वतः हात लावू नका. पंखा चालू-बंद करायला रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, लावायची इच्छा पुढे होईलच, तेव्हा ती बाजू वायरमनकडूनच करून घ्या.

तापमानाची वही पंधरा दिवस न चुकता भरली की दमटपणा मोजायला घ्या. त्यासाठी बीएमई२८० चांगला आहे. तो घड्याळाच्याच दोन वायरींवर, म्हणजे पिन ३ आणि ५ वर, सोबत बसतो. विकत घेताना भिंगातून बघा: बीएमई२८० ची चिप चौरस असते. त्याच नावाने बऱ्याचदा बीएमपी२८० गळ्यात मारतात, ती चिप किंचित आयताकृती असते आणि दमटपणा मोजतच नाही. बीएमई२८० ला शेडनेटच्या आतल्या बाजूला, द्रावणाचे शिंतोडे उडणार नाहीत असं ठेवा.

मामांच्या शेडात गेल्या हंगामात दिसलं ते असं. खालच्या कप्प्यात रात्री एकच्या सुमाराला दमटपणा चढायला लागायचा आणि सकाळी आठपर्यंत उतरायचा नाही, वरचा कप्पा मात्र सूर्य उगवताच सुटायचा. आता ते रात्री जेवण झाल्यावर उत्तरेकडचे पडदे सोडतात आणि सकाळी साडेसातला वर गुंडाळतात. शेवटचा रॅक झाडून झाला की बॉक्स उतरवायचा, पेनड्राइव्हवरच्या फाइलची एक प्रत घरच्या संगणकावर घ्यायची, सेन्सर ओल्या फडक्याने पुसायचे आणि घड्याळाचा सेल तसाच राहू द्यायचा. पुढच्या फेब्रुवारीत तो वेळ बरोबर सांगतोय का, एवढं आधी बघायचं.